दातातून पाऊस, गवत आणि माती कशी वाचावी : जीवाश्म हाडांच्या रासायनिक अभ्यासाची कृती

काही वर्षांपूर्वी येरळेकाठच्या एका शेतात विहीर खणताना साधारण वीस फुटांवर, पिवळट गाळाच्या थरात, गुराच्या खालच्या जबड्याचा तुकडा निघाला. शेतकऱ्याने तो नळाखाली घासून स्वच्छ केला, सुटू लागलेल्या दाढा पडू नयेत म्हणून वरून पारदर्शक नखपॉलिशचे दोन हात दिले आणि मोठ्या आस्थेने माझ्याकडे आणला. दाढांच्या इनॅमलमधील, म्हणजे दातावरच्या कठीण आवरणातील, रासायनिक नोंद बहुधा शाबूत होती. परंतु हाडाला चिकटलेली माती धुऊन गेल्यामुळे ती नोंद जनावराच्या आयुष्यातली की नंतर मातीने घडवलेली, हे ताडून पाहण्याचा मार्ग बंद झाला होता, आणि पॉलिशमधील कार्बन छिद्रांत मुरल्याने हाडातील कोलॅजेन या प्रथिनाची तपासणीही भरवशाची राहिली नव्हती. सातारा-सांगलीत विहिरी, पाणंद रस्ते आणि पुराने खचलेले काठ यांतून अशी हाडे वरचेवर वर येतात. ती हाती लागल्यापासून निष्कर्ष लिहीपर्यंत काय करावे आणि काय टाळावे, हे विद्यार्थ्यांना व जिज्ञासू शेतकऱ्यांना सलग वाचायला मिळावे म्हणून ही कृती लिहीत आहे.

हाडात नेमके काय साठते

जिवंत हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग ॲपेटाइट या कॅल्शियम फॉस्फेटच्या खनिजाचा असतो, पाव भागाच्या आसपास कोलॅजेन हे प्रथिन असते आणि बाकीचे पाणी. ॲपेटाइटच्या स्फटिकात कॅल्शियमच्या जागी थोडे स्ट्रॉन्शियम व बेरियम बसू शकते, फॉस्फेटच्या काही जागी कार्बोनेट बसते, आणि हे सारे जनावराच्या वैरणीतून व पिण्याच्या पाण्यातून येते. मात्र जनावर मेल्यावर स्फटिकाची ही दारे बंद होत नाहीत. जमिनीत मुरणाऱ्या पाण्यातून फ्लोरिन, युरेनियम आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये (लँथेनम, सेरियम यांसारखे धातू) हाडात शिरत राहतात. जिवंत हाडात ज्यांचे प्रमाण नगण्य असते, ती दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये जीवाश्म हाडात दशलक्षात शेकडो भागांपर्यंत चढलेली सापडतात.

म्हणजे एकाच हाडात दोन नोंदी एकावर एक लिहिलेल्या असतात, एक जनावराच्या आयुष्याची आणि दुसरी त्याच्या दफनाची. दोन्ही उपयोगाच्या आहेत. इंग्लंडातील पिल्टडाउन येथे १९१२ साली गाजलेल्या ‘आदिमानवा’चे बिंग १९५३ साली फुटले, त्यात हाडांतील फ्लोरिनच्या मोजणीचा वाटा मोठा होता; ती दफनाची नोंदच होती. पण दफनाची नोंद आयुष्याची समजून वाचली, तर उत्तर साफ चुकते. पुढच्या प्रत्येक पायरीचा हेतू या दोन नोंदी वेगळ्या करणे हाच आहे.

हाड उचलण्यापूर्वी

आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा पाया सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. त्या काळ्या कातळात हाड शोधण्यात अर्थ नाही. शोध घ्यायचा तो कृष्णा, कोयना, येरळा, माण, अग्रणी या नद्यांनी बेसाल्टवर पसरलेल्या गाळात, आणि विशेषतः २०१९ सारख्या महापुरानंतर उघड्या पडलेल्या दरडींत. हाड दिसले की आधी फोटो काढावा, त्यात मापासाठी पट्टी ठेवावी, मोबाइलवरून स्थानाचे अक्षांश-रेखांश टिपावेत आणि जमिनीच्या पृष्ठापासूनची खोली मोजून थराचा रंग, वाळू-गोट्यांचे प्रमाण व चुनखडीचे खडे लिहून ठेवावेत. चुनखडीच्या खड्यांची नोंद मी कधीही वगळू देत नाही, कारण पुढे तीच निर्णायक ठरते.

त्यानंतर तलाठी किंवा तहसीलदार कार्यालयाला आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे. जागेवरून उचललेल्या हाडाचा थराशी असलेला संबंध कायमचा तुटतो, म्हणून जाणकार येईपर्यंत थांबता आले तर थांबावे. दरड कोसळण्याच्या बेतात असेल आणि हाड उचलावेच लागले, तर कोरडा मऊ कुंचला वापरावा. पाणी, डिंक, वॉर्निश यांपैकी काहीही लावू नये. हाड ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळावे. हाडाला टेकलेली मूठ-दोन मूठ माती एका पिशवीत आणि त्याच थरातील अर्धा मीटर दूरची तितकीच माती दुसऱ्या पिशवीत घ्यावी. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, शाई ओलाव्याने उतरते.

दात निवडताना

निवडीची संधी असेल तर हाड सोडून दात घ्यावा, आणि दातातही इनॅमल. हाडाचे स्फटिक अतिशय बारीक आणि रचना सच्छिद्र असल्याने भूजल त्यात सहज खेळते. इनॅमल मात्र वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते आणि त्याचे स्फटिक मोठे व घट्ट बसलेले असतात, त्यामुळे लाखो वर्षांनंतरही त्यातील कार्बन व ऑक्सिजनची मूळ नोंद टिकून राहू शकते. कोलॅजेन आपल्या उष्ण, ओल्या-कोरड्या हवामानात फार काळ टिकत नाही. काही हजार वर्षांच्या हाडांतही ते पुष्कळदा संपलेले असते.

कोणती दाढ घ्यावी हाही प्रश्न आहे. गुरांची पहिली दाढ वासरू पोटात असतानाच घडू लागते, त्यामुळे तिच्यात गाईचे आणि दुधाचे रसायन मिसळलेले असते. तिसरी दाढ वासराच्या साधारण दहाव्या महिन्यापासून दोन वर्षांच्या वयापर्यंत घडते, म्हणजे तिच्या उंचीत एका पूर्ण वर्षाहून अधिक काळ, एक पावसाळा, एक हिवाळा आणि एक उन्हाळा, माथ्यापासून मुळाकडे क्रमाने मांडलेला असतो. खिल्लार बैलाची तिसरी दाढ हातात धरून तिरप्या प्रकाशात पाहिली, तर बाजूच्या उभ्या भिंतीवर फिकट आडव्या रेषा दिसतात. इनॅमल याच दिशेने घडत गेले हे विद्यार्थ्याला त्या रेषांवरून एका नजरेत कळते. झिजून आखूड झालेली दाढ घेऊ नये, कारण तिचा माथ्याकडचा काळ चघळण्यात गेलेला असतो.

नमुना टिकलेला आहे का

आधी भिंगाने पाहावे. काळे डाग मँगनीजचे असतात, तांबूस छटा लोहाची असते आणि भेगांत भरलेला पांढरा पदार्थ बहुधा चुन्याचा असतो. वाया गेला तरी चालेल अशा कपचीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा. ठळक फसफस झाली तर नंतर साचलेला कॅल्साइट, म्हणजे चुन्याचे खनिज, आहे असे समजावे. वाळवा, मिरज भागातील क्षारपड जमिनीत हा धोका विशेष आहे. तिथे जादा पाण्याने क्षार वर आलेले असतात आणि चुनखडी कोणत्याही छिद्रात जमून बसते.

प्रयोगशाळेत अवरक्त वर्णपटावरून स्फटिकता-निर्देशांक, म्हणजे स्फटिक किती मोठे व सुबक आहेत हे सांगणारा आकडा, काढता येतो. ताज्या हाडाचा हा आकडा साधारण २.५ ते ३ असतो आणि स्फटिक नव्याने वाढले की तो चढतो. कोलॅजेनची आशा असेल तर आधी हाडातील एकूण नायट्रोजन मोजावा. तो वजनाने ०.७ टक्क्यांच्या खाली असेल तर पुढचा खर्च बहुधा व्यर्थ जातो. कोलॅजेन निघालेच, तर त्यातील कार्बन व नायट्रोजनच्या अणूंचे गुणोत्तर २.९ ते ३.६ च्या दरम्यान असले पाहिजे. त्याबाहेरचा नमुना कितीही मोहक उत्तर देत असला तरी बाजूला ठेवावा.

भुकटी आणि सफाई

दंतवैद्याकडे असते तसे हिऱ्याच्या टोकाचे छोटे यंत्र घेऊन आधी दाढेचा बाहेरचा पातळ थर खरवडून टाकावा. मग वाढीच्या दिशेला काटकोनात, माथ्यापासून मुळापर्यंत, दीड-दोन मिलिमीटरच्या अंतराने आडव्या बारीक खाचा घ्याव्यात आणि प्रत्येक खाचेची भुकटी वेगळ्या कागदावर गोळा करावी. यंत्राचा वेग कमी ठेवावा, कारण इनॅमल तापले तर ऑक्सिजनची नोंद बिघडू शकते. खाच इनॅमलखालच्या डेंटिनपर्यंत गेली की भुकटीचा रंग पिवळट होतो, तिथे थांबावे. प्रत्येक खाचेतून ५ ते १० मिलिग्रॅम भुकटी पुरते. खडे राहिले असतील तर अकीकाच्या खलात हलक्या हाताने घोटावे, आणि दोन खाचांच्या मध्ये यंत्राचे टोक व खल दोन्ही स्वच्छ करावेत. मास्क आणि हातमोजे सोडू नयेत.

सफाई दोन टप्प्यांत होते. सेंद्रिय अंश काढण्यासाठी २ ते ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइट वापरतात, आणि इनॅमलसाठी अर्धा तास पुरे होतो. नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा धुऊन ०.१ मोलर ॲसिटिक आम्लात भुकटी ठेवतात, म्हणजे नंतर साचलेला चुना विरघळून जातो. ही वेळ जास्तीत जास्त चार तास असावी. लांबवली तर मूळ खनिजही विरघळू लागते. घरातले व्हिनेगर वापरावे का, असे मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतो. ५ टक्क्यांचे व्हिनेगर या आम्लाच्या सुमारे आठपट तीव्र असते आणि त्यात इतर पदार्थही असतात, त्यामुळे ते चालत नाही. शेवटी पुन्हा तीनदा धुऊन सुमारे ६० अंश सेल्सिअसला वाळवावे.

याच तुकडीबरोबर आजच्या, वैरण ठाऊक असलेल्या एखाद्या जनावराच्या दाढेची भुकटी चालवावी, निम्मी सफाई करून आणि निम्मी सफाईविना. सफाईने आकडा किती हलतो हे त्यावरून आपल्याच हातांनी समजते. परक्या प्रयोगशाळेचा अनुभव या कामात आपल्याला पुरत नाही.

यंत्र काय सांगते

वाळलेली भुकटी फॉस्फोरिक आम्लात ७० ते ९० अंशांवर विरघळवली की तिच्यातील कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो आणि मास स्पेक्ट्रोमीटर त्यातील कार्बन व ऑक्सिजनच्या जड व हलक्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे, गुणोत्तर मोजतो. उत्तर डेल्टा या चिन्हाने, ठरावीक प्रमाण पदार्थापासूनचा फरक दर हजारी किती, असे मिळते. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था अशा ठिकाणी ही साधने आहेत. हाडे ओळखण्यासाठी आणि पुरातत्त्वीय सल्ल्यासाठी पुण्याचे डेक्कन कॉलेज आपल्याला सर्वात जवळचे. प्रत्येक दहा नमुन्यांमागे एक ज्ञात प्रमाण नमुना आणि एखादा दुहेरी नमुना चालवावा, असा आग्रह पत्र पाठवतानाच धरावा.

कार्बन : कोणते गवत, कोणता पाला

वनस्पती हवेतील कार्बन मुख्यतः दोन रीतींनी बांधतात. गहू, भात, तूर, हरभरा, हळद, द्राक्ष, बाभूळ आणि जवळजवळ सगळी झाडेझुडपे सी-३ गटातली. त्यांचे डेल्टा मूल्य सरासरी उणे २७ च्या आसपास असते. ऊस, ज्वारी, बाजरी, मका आणि आपल्या माळांवरचे मारवेल, पवना, कुसळी ही गवते सी-४ गटातली. त्यांचे मूल्य उणे १२-१३ च्या आसपास. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या इनॅमलमध्ये हे मूल्य वैरणीपेक्षा सुमारे १४ ने वर सरकते.

उदाहरण घेऊ. समजा येरळेच्या गाळातील गुराच्या दाढेचे मूल्य उणे १.५ आले. त्यातून १४ वजा केले की वैरणीचे मूल्य उणे १५.५ मिळते. कोळसा व तेल जाळल्याने आजच्या हवेतील कार्बनचे मूल्य औद्योगिक काळापूर्वीपेक्षा दीड ते दोनने खाली गेले आहे, म्हणून जुन्या वनस्पतींची मूल्ये आजच्यापेक्षा दीडने वर, म्हणजे सी-३ साठी उणे २५.५ आणि सी-४ साठी उणे ११, अशी धरू. तेव्हा १४.५ च्या अंतरातील १० भाग सी-४ च्या बाजूला पडतात, म्हणजे वैरणीचा सुमारे ७० टक्के भाग सी-४ चा होता.

इथेच सर्वाधिक चुका होतात. सी-४ दिसले म्हणजे ज्वारीचा कडबा होता असे मुळीच नाही. ज्वारी व बाजरी ही मूळची आफ्रिकेतील पिके इथे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाच्या सुमारास आली, तर भारतीय उपखंडात सी-४ गवते त्याच्या लाखो वर्षे आधीपासून पसरलेली होती. शिवालिक थरांतील माती व दातांच्या अभ्यासातून हा पसारा सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी झाल्याचे दिसून आले आहे. ज्या बैलाने आज ऊसतोडीच्या हंगामात नुसते वाढे खाल्ले, त्याची दाढ आणि मोकळ्या माळावर मारवेल चरलेल्या बैलाची दाढ कार्बनमध्ये वेगळी ओळखू येणार नाही. म्हणून एका प्राण्यावर कधी थांबू नये. त्याच थरातील शेळी किंवा हरिण पाला खाणारे, गाय-म्हैस गवत खाणारी. शेळीचे मूल्य उणे १२ च्या जवळ आणि गाईचे शून्याच्या जवळ असेल तर माळावर झाडोरा होता, आणि दोन्ही शून्याकडे झुकली तर पाला कमी पडत होता, असे म्हणायला आधार मिळतो.

आपल्याच राज्यातील एक उदाहरण मला फार शिकवून गेले. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरच्या काळातील अश्मीभूत विष्ठा सापडते. तिच्यातील कार्बनने सी-३ वनस्पती दाखवल्या आणि २००५ साली त्याच विष्ठेत गवताचे सिलिकायुक्त सूक्ष्म अवशेष सापडल्याचे प्रसिद्ध झाले. गवत म्हणजे सी-४ ही सवयीची समजूत त्या काळाला लागू पडत नाही, हे एका शेणाच्या गोळ्याने दाखवले.

ऑक्सिजन : कोणता पाऊस, कोणते पाणी

सातारा जिल्हा या पायरीसाठी मुद्दाम आखल्यासारखा आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवरच्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. जोराच्या मोसमी पावसात जड ऑक्सिजन कमी असतो. उन्हाळ्यात तळ्या-डबक्यांचे पाणी आटत गेले की हलके रेणू उडून जातात आणि जड ऑक्सिजन वाढतो. दाढेवरील खाचांची मूल्ये क्रमाने मांडली तर लाट दिसते. तिचा तळ पावसाळ्याचा आणि शेंडा उन्हाळ्याचा. इनॅमल पक्के व्हायला काही महिने लागत असल्याने दाढेतील लाट प्रत्यक्ष ऋतुबदलापेक्षा बुटकी येते, हे लक्षात ठेवून लाटेच्या उंचीवरून ऋतूंतील फरकाचा अंदाज बांधावा.

पण सांगलीत कृष्णेवर पाणी पिणारी गाय सांगलीचा पाऊस पीत नाही. ती महाबळेश्वर आणि कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस पिते. कृष्णाकाठच्या दाढेतील नीचांक सांगलीत अतिवृष्टी होती याचा पुरावा मानला, तर सह्याद्रीच्या घाटमाथ्याचा पाऊस आपण मैदानात आणून टाकतो. त्यामुळे रोज पाणी लागणारे गाय, हत्ती यांसारखे प्राणी आणि पाल्यातील ओलाव्यावर बराच भागवणारी शेळी, चिंकारा यांची मूल्ये शेजारी ठेवावीत. कोरड्या हवेत पानांतील पाणी बाष्पीभवनाने जड होते, म्हणून या दोघांमधील अंतर जितके मोठे, तितकी हवा कोरडी. नदीतील पाण्याची अडचण या तुलनेत बऱ्याच अंशी दूर होते, आणि माणदेशाच्या जुन्या दुष्काळांचा माग काढायचा असेल तर मी हीच वाट सुचवीन.

पैसे असतील तर फॉस्फेटमधील ऑक्सिजनही मोजून घ्यावा. फॉस्फरस-ऑक्सिजनचा बंध मजबूत असल्याने तो सहज बदलत नाही. एकाच मापनश्रेणीवर कार्बोनेटचे मूल्य फॉस्फेटपेक्षा सुमारे ९ ने वर असावे. हे अंतर फार बिघडलेले दिसले तर कार्बोनेटची नोंद दफनात पुसली गेली आहे.

स्ट्रॉन्शियम आणि दफनाची नोंद

रुबिडियम-८७ चे स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये रूपांतर अतिशय संथ होते, त्याचा अर्धायुकाल सुमारे ४,९०० कोटी वर्षांचा आहे. त्यामुळे खडक जितका जुना व रुबिडियमयुक्त, तितके त्यातील स्ट्रॉन्शियम-८७ चे स्ट्रॉन्शियम-८६ शी असलेले (८७/८६) गुणोत्तर मोठे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये ते बहुधा ०.७०४ ते ०.७१० च्या दरम्यान असते, कर्नाटकातील अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या पट्टिताश्मांच्या (नाइस खडकांच्या) प्रदेशात त्याहून बरेच मोठे. कृष्णेच्या खालच्या अंगाने आलेला बैल दाढेतून ओळखता येईल, पण माणदेशातून दिवाळीनंतर कोकणाकडे चाललेला धनगरांचा मेंढवाडा बेसाल्टवरून बेसाल्टवरच जातो, आणि त्याची वाट या एका आकड्यातून नीट दिसत नाही.

तुलनेसाठी स्थानिक गवत, गोगलगायी आणि घुशी-उंदरांचे दात गोळा करावेत, मात्र उसाच्या फडातून नव्हे. रासायनिक खतांतून येणारे स्ट्रॉन्शियम आणि कालव्याचे परके पाणी तिथे मिसळलेले असते. देवराई किंवा कधी न नांगरलेला माळ ही योग्य जागा.

शेवटी दफनाची नोंद. हाडाचा आडवा छेद घेऊन लेझरने बाहेरून आत दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये मोजली, तर ती बहुधा कडेला जास्त आणि गाभ्यात कमी दिसतात. एकाच थरात पुरलेल्या हाडांचा नमुना साधारण एकसारखा येतो. एखाद्या हाडाचा नमुना शेजाऱ्यांपेक्षा वेगळा आणि त्या दोन पिशव्यांतील मातीशीही न जुळणारा निघाला, तर नदीने ते हाड दुसऱ्या, जुन्या थरातून उकरून इथे आणून टाकले असण्याची शक्यता मोठी असते. पुराच्या नद्यांत हे नेहमी घडते, आणि असे हाड त्या थराच्या हवामानाच्या हिशेबातून वगळावे लागते, मग त्याची दाढ कितीही सुंदर लाट दाखवत असो.

निष्कर्ष लिहिताना

प्रत्येक आकड्याबरोबर दाढ कोणती, खाच कितवी, सफाई कोणती आणि मोजणीतील चूक किती हे लिहावे. एका दाढेत एका जनावराचे वर्ष-सव्वा वर्ष असते, म्हणून एका दाढेवरून ‘त्या काळी दुष्काळ होता’ असे लिहू नये. ‘या जनावराच्या दुसऱ्या वर्षी पावसाळा क्षीण होता’ एवढे लिहावे, आणि दाढा जमत जातील तसा काळाचा पट्टा रुंद करावा. खाचा घेताना दाढेची एकच बाजू वापरावी. दुसरी बाजू, उरलेली भुकटी आणि मातीच्या दोन्ही पिशव्या त्याच पेन्सिलीच्या चिठ्ठीसह एका डब्यात ठेवाव्यात, कारण दहा वर्षांनी याहून कमी भुकटीत याहून अधिक सांगणारे यंत्र आले, तर त्याच्यापुढे ठेवायला तेवढीच शिल्लक असेल.